सड्यावरचा हत्ती कागदावर उतरवताना

राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, जांभ्याच्या तांबड्या दगडात कोरलेला एक हत्ती आहे. लांबी सुमारे 18 मीटर, रुंदी 13 मीटर, आणि अंगाच्या रेषेच्या आत लहानमोठे प्राणी दाटीवाटीने कोरलेले. त्याच्या पाठीवर उभं राहिलं तरी हत्ती दिसत नाही. पायाखाली नुसते आडवेतिडवे चर दिसतात. असं कातळशिल्प, म्हणजे आडव्या खडकावर कोरलेलं चित्र, कळायला उंची लागते, नाहीतर आधीच माहिती असलेला माणूस लागतो.

असा माणूस गावात असतोच. लहानपणी गुरं घेऊन सड्यावर गेलेल्या कुणालाही विचारा, 'पांडवांनी काढलेलं' कुठे आहे ते तो सांगतो. अडचण पुढे सुरू होते, कारण त्याची माहिती कुठल्याच कागदावर नसते. सड्याची जमीन सातबाऱ्यावर बहुतेक वेळा पोटखराबा म्हणून लागलेली असते, म्हणजे लागवडीला अयोग्य. कचेरीच्या लेखी तिथे काही नसतं. चिरेखाणीचा, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे चिरे कापायच्या खाणीचा, अर्ज आला की कागदावर रिकामी दिसणारी जमीन मोकळी होते, आणि खाण वरून खाली जात असल्यामुळे शिल्प असलेला थर पहिल्याच फटक्यात निघून जातो.

गावातल्या या माहितीचे कागद कसे करायचे आणि कोणत्या क्रमाने करायचे, हा या प्रकरणाचा विषय आहे. बहुतेक ठिकाणी क्रम उलटा लागतो. आधी बातमी आणि नकाशावरची खूण, मग गर्दी, मग खडूने भरलेल्या रेषांचे फोटो, आणि शिल्प पुसट झाल्यावर नोंद. खरा क्रम असा हवा: नोंदपत्रक, गावाची पुस्तिका, कचेरीसाठी यादी, आणि सगळ्यात शेवटी पाहुण्यांसाठी पत्रक.

आधी काय घडलं होतं

कोकणातल्या कातळशिल्पांचा शोध मुख्यतः विचारपूस करून लागला. गेल्या दशकात रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, सडे पालथे घातले. राज्याच्या पुरातत्त्व विभागानेही हे काम उचललं. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातून सत्तरच्या आसपास ठिकाणं आणि दीड हजारांच्या घरात चित्रं पुढे आली. गोव्यात हेच आधी घडलं होतं. कुशावती नदीच्या काठावरच्या जांभ्यातली शिल्पं 1993 मध्ये अभ्यासकांपुढे आली ती गावकऱ्यांनी सांगितल्यामुळे.

2022 मध्ये यातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी, आणि गोव्यातलं कुशावतीकाठचं ठिकाण. संभाव्य यादी म्हणजे पुढे नामांकन करता यावं यासाठी देशाने आधी नोंदवलेली इच्छा. तिच्यामुळे जमिनीला आपोआप कसलंही संरक्षण मिळत नाही. गावपातळीवर हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो, आणि वर्तमानपत्रांतल्या 'युनेस्कोचा दर्जा मिळाला' अशा मथळ्यांनी तो पक्का झाला आहे. पुस्तिकेत तो पहिल्या दोन पानांतच खोडून काढावा.

यादीचा उपयोग मात्र झाला. एप्रिल 2023 मध्ये प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झालं आणि ग्रामस्थांनी विरोध केला, तेव्हा बारसूचं नाव या यादीत आहे हा मुद्दा वारंवार पुढे आला. प्रकल्प हवा की नको हा वाद इथला नाही. ज्या सड्यांची नोंदच नाही, तिथे असा मुद्दा मांडायला हातात काही नसतं, एवढंच लक्षात घ्यायचं.

विचारपूस

'इथे कातळशिल्प आहे का?' असं विचारलं की उत्तर हमखास 'नाही' येतं. हा शब्द अभ्यासकांचा आणि वर्तमानपत्रांचा. म्हाताऱ्या माणसाशी बोलताना प्रश्न त्याच्या आठवणीतून काढावा: "काका, गुरं घेऊन कुठल्या सड्यावर जायचात? तिथे कातळावर काही खणलेलं दिसायचं? पावसात पाणी साचून चित्रासारखं काही उठायचं?" शेवटच्या प्रश्नाला उत्तरं जास्त मिळतात, कारण पहिल्या पावसानंतर खोदरेषांत पाणी राहतं आणि आकार वर येतो. सप्टेंबरपर्यंत गवत सगळं झाकून टाकतं. प्रत्यक्ष मापं घ्यायला नोव्हेंबरच्या शेवटापासून मेपर्यंतचा काळ बरा.

बायकांना वेगळं विचारावं. पाण्याला आणि लाकडाला जाण्याच्या वाटा पुरुषांच्या वाटांपेक्षा वेगळ्या असतात, म्हणून त्यांनी पाहिलेले कातळही वेगळे असतात. सड्याची नावं सांगितली तशी लिहून घ्यावीत. शुद्ध करायला गेलं की पुढच्या माणसाला जागा सापडत नाही. गोव्याचं ठिकाण याचं चांगलं उदाहरण आहे. तेच शिल्पस्थळ कुठे उसगाळीमळ म्हणून छापलेलं आढळतं, तर कुठे पणसायमळ. दोन्ही नावं बरोबर आहेत, पण एका यादीत एक आणि दुसऱ्या यादीत दुसरं आलं की मोजणाऱ्याच्या लेखी दोन ठिकाणं होतात. नोंदपत्रकात 'इतर नावं' हा रकाना त्यासाठी हवा, आणि तो रिकामा राहिला तर पुन्हा एकदा विचारून यावं.

नोंदपत्रक

एका आकृतीला एक पत्रक, पाठपोट ए-फोर. याहून मोठं केलं की कुणी भरत नाही. त्यात गाव, वाडी, सड्याचं नाव, इतर नावं, गट क्रमांक आणि हिस्सा, जमीनमालक एक की सामाईक, अक्षांश-रेखांश, आकृतीची लांबी-रुंदी, खोदरेषेची रुंदी आणि खोली किमान तीन जागी मोजून, सध्याची अवस्था, जवळची खाण, रस्ता किंवा बाग किती मीटरवर, माहिती सांगणारा, नोंदणारा आणि तारीख. माहिती सांगणाऱ्याचं नाव छापायचं की नाही हे त्यालाच विचारून एका चौकटीत खूण करावी. खाणीला जमीन दिलेल्या भावकीत हा प्रश्न नाजूक असतो.

वर्णनासाठी दोन वेगळे रकाने ठेवावेत: 'दिसतं काय' आणि 'वाटतं काय'. हा फरक शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, पण तो वेळ वसूल होतो. 'एकशिंगी गेंडा' हे वाटणं झालं. दिसणं असं लिहावं: 'चार पाय, डावीकडे तोंड, नाकाडावर एक टोकदार उंचवटा, शेपूट आखूड, कानाच्या जागी रेघ नाही.' आज कोकणात गेंडा नाही. त्यामुळे 'गेंडा' या एका शब्दावर हवामान बदल, प्राणी नाहीसे होणं, शिल्पाचं वय असे मोठे निष्कर्ष उभे राहतात. ते काढायला हरकत नाही, पण पन्नास वर्षांनी कुणाला ते तपासायचे असतील तर कानाच्या जागची ती रेघ नोंदलेली हवी.

वयाचंही तसंच. जांभ्यात खणलेल्या रेषेत कोळसा, हाड, लाकूड असं काही नसतं, म्हणून कार्बन पद्धतीने त्या रेषेचं वय थेट काढता येत नाही. आजूबाजूला सापडणारी दगडी हत्यारं, चित्रांची शैली आणि कोणते प्राणी काढलेत यावरून अंदाज बांधले जातात. पुस्तिकेत 'दहा हजार वर्षांपूर्वीची' असं ठोकून देण्यापेक्षा 'अभ्यासकांचा अंदाज मध्याश्मयुगापर्यंत मागे जातो, थेट कालमापन झालेलं नाही' असं लिहावं. वाक्य कमी चटकदार होतं. गावातला मास्तर मात्र ते पोरांना निर्धास्त शिकवू शकतो.

अक्षांश-रेखांशात एक चूक इतक्यांदा होते की पत्रकावरच तिची ताकीद छापावी. फोनमधलं एखादं अॅप 16 अंश 39 मिनिटं 30 सेकंद असं दाखवतं आणि नोंदणारा ते 16.3930 असं उतरवतो. दशांशात तो आकडा 16.6583 आहे. या दोहोंत उत्तर-दक्षिण 29 किलोमीटरचं अंतर पडतं, म्हणजे राजापूरच्या सड्यावरचं शिल्प कागदावर देवगड तालुक्यात जाऊन बसतं. नोंद नेहमी दशांश अंशांतच घ्यावी, दशांशानंतर पाच आकडे. पाचवा आकडा साधारण एका मीटरचा. उघड्या सड्यावर साधा फोन पाचेक मीटरपर्यंत बरोबर सांगतो, म्हणून सहावा-सातवा आकडा लिहून काही साधत नाही.

चित्र काढणं

सगळी मेहनत इथे आहे आणि सगळी नासधूसही इथेच होते. आधी काय करू नये ते. खोदरेषांत खडू, चुना, रांगोळी, रंग काहीही भरायचं नाही. फोटो छान येतो हे खरं, पण जांभा सच्छिद्र असल्याने भुकटी छिद्रांत बसते आणि पावसातही पूर्ण निघत नाही. त्याहून वाईट म्हणजे खडू भरणारा माणूस रेष 'पुरी' करतो. जिथे रेष झिजली आहे तिथे त्याचा हात त्याला वाटेल तसा जातो, आणि पुढचे सगळे फोटो कातळाच्या रेषेऐवजी त्याच्या हाताचे असतात. एकदा खडू भरलेल्या शिल्पाचा जुना फोटो सापडला, तर तो पुराव्यादाखल ठेवावा, पण चित्र त्यावरून काढू नये.

फावड्याने खरवडायचं नाही. खराटाही नको, केरसुणी पुरे. रेषांत घट्ट बसलेली माती नोंद होईपर्यंत तशीच राहू द्यावी, कारण तिच्यात दगडी हत्याराची कपची असू शकते. गवत पेटवून जागा मोकळी करण्याची सवय सड्यावर जुनी आहे. शिल्पाच्या आसपास ती टाळावी. तापलेल्या जांभ्याचे पापुद्रे सुटतात.

रेष दिसण्यासाठी उजेड तिरका हवा. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा एकेक तास. दुपारी बारा वाजता सगळा सडा सपाट तांबडा दिसतो. रात्री विजेरी जमिनीला टेकवून, जवळजवळ आडवी धरून फिरवली की दिवसा न दिसलेल्या रेषाही उठतात. हे काम दोघांचं. एकजण उजेड फिरवतो, दुसरा कच्च्या चित्रावर फक्त नव्या रेषांच्या खुणा करतो. पुरं चित्र रात्री काढू नये.

मापासाठी चौकट आखायची. समजा आकृती 6 मीटर लांब आणि साडेचार मीटर रुंद आहे. तिच्याभोवती तेवढाच आयत सुतळीने आखावा. कातळात खिळे ठोकायचे नाहीत. सुतळीची टोकं वाळूच्या पिशव्यांनी नाहीतर सुट्या चिऱ्यांनी दाबावीत, आणि ते चिरे आकृतीच्या बाहेर ठेवावेत. कोन काटकोन आहेत का हे कर्ण मोजून कळतं. 6 आणि 4.5 च्या आयताचा कर्ण बरोबर 7.5 मीटर भरतो. दोन्ही कर्णांत दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर चौकट वाकडी आहे. सुतळी ओलसर असेल तर वाळताना तिची लांबी बदलते आणि सकाळी बरोबर आलेलं माप दहा वाजता चुकतं, तेव्हा नायलॉनची दोरी बरी.

मग बांबूच्या कामट्यांची नाहीतर प्लास्टिकच्या नळीची एक मीटर बाय एक मीटर चौकट करून तिच्यावर दर 20 सेंटिमीटरला दोरा बांधावा. आत 25 घरं होतात. आलेखाच्या कागदावर 1:20 प्रमाण घेतलं की 20 सेंटिमीटरचं एक घर कागदावर एक सेंटिमीटर होतं आणि सगळी आकृती 30 बाय 22.5 सेंटिमीटरमध्ये, म्हणजे ए-थ्री कागदावर मावते. रुंदीत शेवटची ओळ अर्धीच भरली तरी चौकट 30 वेळा ठेवावी लागते. प्रत्येक वेळी दहा-बारा मिनिटं धरली तर पाच-सहा तास. सावली असणारे दोन-तीन तासच रोज मिळतात, म्हणून दोन-तीन सकाळी लागतात.

हाच हिशोब कशेळीच्या हत्तीला लावला तर 18 गुणिले 13, म्हणजे 234 वेळा चौकट. दहा मिनिटांनी 39 तास, तीन तासांच्या तेरा सकाळी. एवढ्या दिवसांत गवत, ऊन आणि काढणाऱ्याचा हात सगळं बदलतं. मोठ्या आकृत्यांना म्हणून वरून घेतलेल्या छायाचित्रांचा जोडपट हवा. ड्रोन साधारण 20 मीटरवरून फिरवला की एका ठिपक्यात अर्धा ते एक सेंटिमीटर जमीन येते. पुढच्या-मागच्या फोटोंनी एकमेकांना तीन-चतुर्थांश झाकावं, शेजारच्या ओळींनी दोन-तृतीयांश. सावल्या सरकतात, तेव्हा सगळं उड्डाण वीस मिनिटांच्या आत आटपावं. कातळावर चार-पाच जागी मोजलेल्या अंतरावर खुणेचे कागद ठेवले नाहीत तर जोडपट देखणा होतो, पण त्यावर माप घेता येत नाही. रत्नागिरी शहराजवळ विमानतळ आहे, म्हणून उडवण्याआधी हवाई क्षेत्राचा नकाशा पाहणं तिथे चुकवता येत नाही. ड्रोन नसेल तर लांब बांबूला फोन बांधून लहान आकृत्या जमतात. कशेळी जमत नाही.

उत्तरेची खूण हा साधा वाटणारा भाग देवाचे गोठणे इथे फसतो. तिथे मानवी आकृती कोरलेल्या कातळावर होकायंत्राची सुई बरोबर दिशा दाखवत नाही. गावाला ते ठाऊक आहे आणि पाहुण्यांना ते मुद्दाम दाखवतातही. चित्र काढणारा मात्र सवयीने होकायंत्र ठेवतो, खूण करतो आणि निघून जातो. दुपारच्या सर्वांत आखूड सावलीवरून दिशा काढायची म्हटली तरी राजापूरच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या आठवड्यानंतर सूर्य माध्यान्हीला डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो, आणि सावली इतकी लहान पडते की काही उमगत नाही. सोपा उपाय असा की सड्यावर शंभरेक मीटरवरची, उपग्रहचित्रात ओळखू येणारी दोन ठिकाणं घ्यायची, गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, कोपरा आणि एखादं एकटं झाड, आणि त्यांच्या रेषेवरून दिशा कागदावर उतरवायची.

पुस्तिका

गावासाठीची पुस्तिका ए-फाइव्ह आकाराची, 16 पानांची पुरे. पानांची संख्या चारच्या पटीत हवी, नाहीतर शिलाईत कोरी पानं येतात. आतला कागद मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा साधा, अक्षर 14 पॉइंटच्या खाली नको. वाचणाऱ्यांत साठीच्या पुढचे जास्त असतात आणि मात्रा-वेलांट्यांमुळे देवनागरी त्याच मापात बारीक दिसते.

छपाईत सगळ्यात जास्त घोळ प्रमाणाचा होतो. मूळ चित्रावर '1:20' लिहिलेलं असतं, छापखान्यात ते पानात बसवायला निम्मं करतात आणि '1:20' तसंच छापलं जातं. चित्रात आकड्याऐवजी एक मीटरची पट्टी काढावी. चित्र लहान झालं की पट्टीही लहान होते, माप खरं राहतं.

आणि रेषेची जाडी पाहावी. कशेळीचा हत्ती पानाच्या 12 सेंटिमीटर रुंदीत बसवला की प्रमाण 1:150 होतं. पाच सेंटिमीटर रुंद खोदरेष कागदावर एक-तृतीयांश मिलिमीटर उरते, साधारण एक पॉइंट. ती छपाईत टिकते. पण आतला 40 सेंटिमीटरचा लहान प्राणी तीन मिलिमीटरपेक्षाही लहान होतो आणि नुसता डाग दिसतो. म्हणून एका पानावर पुरा हत्ती आणि त्याच्यावर क्रमांकाच्या चौकटी, पुढच्या पानांवर त्या चौकटी मोठ्या करून. हे न केल्याने बाजारातल्या बऱ्याच सुंदर रंगीत पत्रकांत हत्ती आहे, पण त्याच्या पोटातलं काही नाही.

फोटोपेक्षा रेषाचित्राला जास्त जागा द्यावी. पंचायतीतल्या छायाप्रतीच्या यंत्रावर रंगीत फोटोची प्रत काळा ठोकळा होते, रेषाचित्र दहाव्या प्रतीतही ओळखू येतं. पुस्तिका तशीच हातोहात पसरते.

मजकूर युनिकोडमध्येच टंकलेला असावा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर कागदावर उत्तम दिसतो, पण दोन वर्षांनी त्यातलं एक वाक्य प्रस्तावात चिकटवायला गेलं की कसल्या कसल्या खुणा उमटतात आणि सगळं पुन्हा टंकावं लागतं. छापखान्याकडून छपाईच्या प्रतीबरोबर साध्या मजकुराची फाइलही त्याच दिवशी मागून घ्यावी.

पुस्तिकेत जमीनमालकाच्या भीतीला उत्तर हवं. 'जमीन सरकारजमा होईल' ही ती भीती, आणि तिच्यापायी माहीत असलेलं शिल्प दडवलं जातं. क्वचित रातोरात फोडलंही जातं. उत्तर खरं आणि पुरतं द्यावं. स्मारक संरक्षित घोषित झालं म्हणून मालकी आपोआप जात नाही, पण खोदकाम आणि बांधकामावर बंधनं येतात. 100 मीटर मनाई आणि त्यापुढे 200 मीटर परवानगीचा जो नियम सगळ्यांच्या तोंडी असतो, तो केंद्राच्या कायद्याच्या 2010 च्या दुरुस्तीतला, केंद्र संरक्षित स्मारकांचा आहे. राज्याचा कायदा 1960 चा, वेगळा आहे. त्याची नेमकी बंधनं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या रत्नागिरी कार्यालयातून तपासून घेऊन मगच छापावीत. 'काही होत नाही हो' असं छापलं आणि नंतर काही झालं, तर पुढची दहा वर्षं त्या पंचक्रोशीत कुणी तोंड उघडत नाही.

वाटपाची वेळ गणपती किंवा शिमगा. सड्याची जमीन बहुधा सामाईक, आणि निम्मे हिस्सेदार मुंबई-पुण्याला. चाकरमानी गावात असतात तेव्हाच पुस्तिका घरात पोचली पाहिजे, कारण खाणीच्या करारावर सही त्यांचीही लागते. घराला एक प्रत, शाळेला पाच, आणि पंचायतीत कायमची एक प्रत दोरीने बांधलेली. शेवटची दोन पानं कोरी ओळींची ठेवावीत, वर मथळा: 'यात नसलेलं तुम्हाला माहीत असेल तर.'

कचेरीचा कागद

ही यादी कुणी प्रकाशन म्हणून धरत नाही, पण शिल्प वाचवायचं काम खरं तीच करते. एक पान: गाव, गट क्रमांक, आकृत्यांची संख्या, अक्षांश-रेखांश, आणि गटाच्या नकाशावर खूण. सोबत ग्रामसभेचा ठराव. प्रती तलाठी, तहसीलदार आणि पुरातत्त्व कार्यालयाला, आणि आवर्जून गौण खनिजाचं टेबल सांभाळणाऱ्याला. चिऱ्याच्या परवान्याचा कागद त्या टेबलावरून जातो. पुरातत्त्वाच्या फायलीत व्यवस्थित लावलेली नोंद तिथे पोचलेलीच नसते. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा.

गट क्रमांक चुकला तर कागद असून नसल्यासारखा. सड्यावर बांध नसतात आणि हद्दीचे दगड हललेले असतात, त्यामुळे शेजारचा गट लिहिला जाणं अगदी सोपं. शंका असेल तिथे दोन्ही गट लिहून 'हद्दीलगत' असा शेरा द्यावा.

बागायतदारही या यादीचे वाचक आहेत. कातळावर सुरुंगाने खड्डे घेऊन बाहेरची माती भरून कलमं लावतात, आणि त्यात शिल्प गेलेलं कुणाला कळतही नाही. खाण लांबून दिसते, बाग दिसत नाही.

पाहुण्यांचं पत्रक आणि फलक

जागा गुप्त ठेवावी का, यावर मतभेद आहेत. मूर्ती किंवा नाण्यांच्या बाबतीत गुप्ततेला अर्थ आहे, कारण ती चोरीला जातात. 18 मीटरचा कातळ कुणी उचलून नेत नाही. इथे चोरापेक्षा अनभिज्ञ मालक आणि अनभिज्ञ कारकून यांचा धोका मोठा, म्हणून गावात आणि कचेरीत जागा पूर्ण उघड असावी. बाहेरच्यांसाठी मात्र पत्रकात फक्त तीच ठिकाणं, जिथे कठडा आहे आणि लक्ष ठेवणारं कुणी आहे. उक्षीला गावाने पुढाकार घेऊन शिल्पाभोवती संरक्षण आणि पाहण्याची सोय उभी केली. तिथे पत्रक देणं योग्य. नुसत्या उघड्या सड्याची खूण छापली की पहिल्याच सुट्टीत गाड्या चरांवरून जातात. नकाशा गाडी लावायच्या जागेपर्यंतच द्यावा, पुढची वाट गावातल्या माणसाने दाखवावी. त्याला दोन पैसेही मिळतात.

फलकाचे खांब कातळात खणून बसवू नयेत. काँक्रीटचे सुटे ठोकळे ओतून त्यांत उभे करावेत, आणि आकृतीपासून इतके लांब की फोटोत येणार नाहीत आणि वाऱ्याने पडले तरी रेषेवर पडणार नाहीत. कठडा बांधताना पाण्याला वाट ठेवावी, नाहीतर पावसाळ्यात आत तळं होतं आणि शेवाळ वर्षभर राहतं. मजकूर दीडशे शब्दांच्या आत, अक्षराची उंची किमान एक सेंटिमीटर, आणि मध्यभागी आकृतीचं रेषाचित्र, पाहणारा जिकडे तोंड करून उभा राहतो त्या दिशेने फिरवलेलं. उत्तर वर ठेवायचा नियम इथे मोडावा. डोकं कुठे आणि पाय कुठे हे फलकावरून जुळलं नाही, तर माणूस कठड्यावरून आत उतरून शोधायला लागतो.

पुढच्या वर्षी

पहिल्या आवृत्तीच्या कोऱ्या पानांपैकी थोडीच परत येतात. ती मागायला कुणीतरी घरोघर जावं लागतं, नुसती पेटी ठेवून भागत नाही. आलेल्या प्रत्येक माहितीचं वेगळं नोंदपत्रक होतं, प्रत्यक्ष पाहून. पाच पानांतली दोन-तीन नुसती चिऱ्याची जुनी निशाणं, नैसर्गिक भेगा किंवा उखळाचे खड्डे निघणार हे धरून चालावं. तीही नोंद ठेवायची, 'पाहिलं, शिल्प नाही' म्हणून, नाहीतर दरवर्षी कुणीतरी नव्याने तिथे जातो.

पंचायतीतल्या प्रतीत प्रत्येक आकृतीसमोर तपासणीचा रकाना असतो. डिसेंबरमध्ये गवत वाळलं की त्याच चार जागांवरून, त्याच उंचीवरून, सकाळी त्याच सुमाराला फोटो काढून मागच्या वर्षीच्या फोटोशेजारी लावायचा आणि एकच ओळ लिहायची: बदल नाही, किंवा काय बदललं. शेजारच्या गटात खाणीचं यंत्र दिसलं तर शिल्पापासून पावलांनी अंतर मोजून तेही लिहायचं, आणि त्याच दिवशी यादीच्या आवक क्रमांकाचा हवाला देऊन तहसीलला पत्र द्यायचं.